खूण रक्षणाची की संशयाची?

मीना राधाकृष्ण यांचा 'डिसऑनर्ड बाय हिस्टरी' हा इंग्रजी ग्रंथ 2001 साली प्रसिद्ध झाला. तथाकथित 'गुन्हेगार जमाती' आणि ब्रिटिशांचे धोरण हा त्याचा विषय. सुरक्षितता, तंत्रविद्या व हिंसा यांच्या इतिहासावर प्रबंध लिहू पाहणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याच्या हाती आम्ही प्रथम हाच ग्रंथ देऊ. पाळकांनी व उपदेशकांनीही तो वाचावा. कारण त्यात ख्रिस्ती सेवेचाही हिशेब मांडला आहे.

मद्रास इलाख्यातील कोरवा समाज हा विवेचनाचा केंद्रबिंदू होय. मीठ व धान्य जनावरांवर लादून गावोगाव नेणारे हे फिरस्ते व्यापारी. सरकारचे मिठाचे धोरण आणि आगगाडी यांनी त्यांचा धंदा बुडविला. मग त्यांची भटकंतीच संशयास्पद ठरली. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 साली नव्या रूपात आला व मद्रास इलाख्यासही लागू झाला. नोंदलेल्या माणसांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार त्याने दिला. ही कारणमीमांसा ग्रंथाचे मोठे बळ आहे. नोंदवही, हजेरी व परवाना यांनीही माणसाला जखडता येते, हे येथे स्पष्ट होते.

पुढील प्रकरणे आम्हांस अधिक अस्वस्थ करतात. आंध्रातील स्टुअर्टपुरमसारख्या वसाहती सरकारने मुक्तिफौजेकडे सोपविल्या. तेथे प्रार्थना होती, शिक्षण होते, आणि परवान्यावाचून बाहेर पडण्यास बंदीही होती. सुवार्तिकाच्या अंगी पहारेकऱ्याचे काम आले.

लेखिका सुधारणेच्या भाषेमागील शिस्त व श्रम यांचा शोध घेतात. त्या सेवकांच्या श्रद्धेची धर्मशास्त्रीय चिकित्सा त्यांच्या कक्षेबाहेर राहते. ते काम आपले आहे. सर्व मनुष्ये पापी आहेत असे शिकविणाऱ्यांनी काही जातीच जन्मतः गुन्हेगार असतात हे कसे मान्य केले? पित्याचा दोष पुत्राच्या माथी मारण्यास यहेज्केलाच्या 18 व्या अध्यायात नकार आहे. काइनाला देवाने खूण दिली, ती प्रत्यक्ष खुन्याच्या रक्षणार्थ; कोरव्याचा ठसा मात्र त्याने गुन्हा केलेला नसतानाही घेतला जाई.

1952 साली तो कायदा रद्द झाला, परंतु संशय ओसरला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (1987) त्याची साक्ष देते. गावात चोरी होते आणि पोलीस प्रथम विमुक्तांच्या पालावर जातात, तेव्हा पाळक कोठे उभा असतो? हा ग्रंथ वाचून मिटविल्यावर आपल्यापैकी प्रत्येकाला या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल.