गावचं चॅनल कुणाचं?



लातूर-नांदेडच्या केबलवरच्या लोकल चॅनलबद्दल आपल्यात कुणी लिहीत नाही. समीक्षा म्हणजे फक्त कवितेची, असं आपण धरून चाललोय. मी डाळ मिलमध्ये पोती उचलतो. पाळीवरून आलो की घरात हेच चॅनल चालू असतं. म्हणून लिहितो.

आधी चांगलं सांगतो. मुंबईच्या पडद्याला लातूर दिसतं ते संकटातच. 1993 ला किल्लारी हादरली तेव्हा, नाहीतर एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा. रेल्वे देशभर दिसली. पण आमच्या गल्लीत टँकर कधी येणार, हे माझ्या मायला लोकल चॅनलच्या खालच्या पट्टीवरनंच कळायचं. ही सेवा लहान नाही.

आता दुसरी बाजू. त्याच पट्टीवर पुढाऱ्याचे वाढदिवस, क्लासवाल्यांचे निकाल, सराफाची जाहिरात. पैसा त्यांचा, म्हणून वेळही त्यांचा. गेल्या जयंतीला एका चॅनलवाल्यानं आमच्या मिरवणुकीचं शूटिंग केलं. पडद्यावर काय आलं? हार घालणारा पाहुणा आणि डीजे. वाचनालयाला जागा द्या म्हणून पोरींनी धरलेला फलक कापला. विचारलं तर म्हणाला, "वर्गणी काढा, मग दाखवतो."

पण नुसत्या पैशानंही भागत नाही. 1920 ला पैसे देऊ केले तरी 'केसरी'नं 'मूकनायक'ची जाहिरात छापली नव्हती. बाबासाहेबांनी स्वतःचं पत्र काढलं, ते उगीच नाही.

1995 चा केबल कायदा आला तेव्हा ऑपरेटरची नोंदणी पोस्टात व्हायची. कागदावर दार सगळ्यांना उघडं. पण डिश, तार, वसुलीची माणसं, याला भांडवल लागतं. ते ज्याच्याकडं होतं त्याचंच चॅनल झालं. पुढं 2012 ते 2017 मध्ये सेट-टॉप बॉक्स आले, आणि छोट्या ऑपरेटरचा सिग्नलही मोठ्या कंपनीच्या हातात गेला.

मग आपल्याला जमणारच नाही का? आजच्या तेलंगणात, झहीराबाद भागात, दलित बायकांनी 2008 ला संघम रेडिओ सुरू केला. बोलणाऱ्या त्याच, यंत्र चालवणाऱ्याही त्याच. शेतात राबणाऱ्या बायका त्या, काही लक्षाधीश नव्हेत.

आज मोबाईलवर चॅनल काढायला डिश लागत नाही. तेव्हा पुढच्या जयंतीला डीजेच्या पैशातून एक माईक घ्या. आणि तो आधी पाहुण्याच्या तोंडापुढं धरू नका. फलक धरणाऱ्या पोरीला बोलू द्या.

जयभीम.