चित्रपटांतील गांव आणि भूमीवरील गांव

आवडत्या चित्रपटाचीं स्थळें प्रत्यक्ष जाऊन शोधण्याचा छंद आपल्या सुशिक्षित कुटुंबांत बराच रूढ झाला आहे. पडद्यावर पाहिलेल्या त्याच पायरीवर उभें राहून छायाचित्र घ्यावयाचें आणि परतावयाचें, एवढ्यावर तो बहुधा थांबतो. वस्तुतः या छंदांत रसग्रहणाचें एक उत्तम साधन आहे. दिग्दर्शकानें स्थळाकडून काय घेतलें व काय टाकलें, हें तेथें गेल्यावांचून नीटसें उमगत नाहीं.

पुणें जिल्ह्यांतील भोरचा राजवाडाच घ्या. हें पंतसचिवांच्या संस्थानाचें राजगृह. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, वाडा मात्र उभा राहिला. आणि पुढें अनेक मराठी-हिंदी चित्रपटांचें चित्रण त्यांत झालें. पडद्यावर तो कथेस हवा त्या धन्याचा होतो. शेजारच्या वेल्हे भागांत याच्या उलट प्रकार. स्वराज्याची जडणघडण राजगड-तोरण्यावर झाली; रायगडापूर्वीं राजगड हीच राजधानी. परंतु ‘छत्रपति शिवाजी’ (१९५२) काढणाऱ्या भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ होता कोल्हापुरांत! त्यांच्या ऐतिहासिक पटांचा माग काढणाऱ्यानें आधीं तिकडची वाट धरावी. एकीकडे वास्तु आहे, पण तिची कथा नाहीं. दुसरीकडे कथा आहे, पण तिची भूमि दूर राहिली.

भोरहून मांढरदेवीच्या घाटानें वाईस उतरलें, कीं कृष्णाकांठचें मेणवली जवळच लागतें. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘स्वदेस’ (२००४) मधील चरणपूर तें हेंच. कथेंतील चरणपूर उत्तर हिंदुस्थानांतील. त्याचा घाट मात्र नाना फडणीसांच्या वाड्यालगतचा. नानांच्या दप्तरामुळें मेणवलीचें नांव इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे, आणि वसईच्या विजयानंतर (१७३९) आणलेली पोर्तुगीज घंटा घाटावरील देवालयाजवळ आजहि आहे. चित्रपटानें दगडी पायऱ्या घेतल्या, हा इतिहास टाकला. कोणत्याहि गांवाचा प्रतिनिधि व्हावयाचा, तर त्या गांवास स्वतःचा इतिहास जड होतो, हें मान्य केलें पाहिजे. तरीहि स्वभूमीकडे परतण्याचा बोध करणाऱ्या कृतीनें उसन्या भूमीचें नांव पुसावें, यांत कांहीं विसंगति आहेच.

या चित्रपटाचें खरें बळ घाटाच्या शोभेंत नाहीं, हेंहि मेणवलीस गेल्यावर ध्यानांत येतें. गांवांत उघड्यावर चित्रपट चालला आहे. एका जातीचे लोक पडद्यापुढें, दुसरे पडद्यामागें. वीज जाते, तेव्हां नायक मोहन तो पडदाच दूर करवितो आणि सर्वांच्या दृष्टि ताऱ्यांकडे वळवितो. हा प्रसंग कोणत्याहि गांवच्या मैदानांत तितकाच प्रभावी ठरला असता. कारण तो माणसांच्या संबंधांतून उभा राहिला आहे, स्थळाच्या रमणीयतेवर विसंबलेला नाहीं.

म्हणून स्थळें शोधणाऱ्या रसिकानें ओळखीची पायरी सांपडली म्हणजे लगेच पाठ फिरवूं नये. चित्रपटांत जें आलें नाहीं, तें मुलांना दाखवावें. ही वास्तु कोणाची, येथें काय घडलें, हें सांगावें. ‘अमक्या चित्रपटांतील वाडा’ एवढीच भोरच्या राजवाड्याची ओळख पुढील पिढीस उरली, तर वाडा शाबूत राहूनहि पंतसचिवांचें भोर आपल्या हातचें गेलें, असेंच म्हणावें लागेल.