खिशातले झूम आणि अंबरनाथची भिंत

छायाचित्रावर मराठीत जे लिहिले जाते त्यात छायाचित्रकाराची ‘नजर’ फार असते. भिंग जवळजवळ नसतेच. कवितेवर लिहिताना आपण वृत्त पाहतो, नाटकावर लिहिताना रंगमंचाची खोली पाहतो. छायाचित्र मात्र जणू डोळ्यांतून थेट कागदावर उतरते! त्यातही घरगुती झूम कॅमेऱ्याने काढलेली छायाचित्रे म्हणजे हौशी मंडळींचा पसारा, असे म्हणून समीक्षक पुढे जातात. हा पसारा मला महत्त्वाचा वाटतो. अंबरनाथच्या शिवमंदिराची जी प्रतिमा आमच्या भागातल्या घराघरांत जपली गेली आहे, ती या छोट्या भिंगाच्या रचनेने घडवली आहे.

या लेखासाठी मी मोरिवलीतल्या तीन घरांचे अल्बम पाहिले. छायाचित्रांच्या कोपऱ्यात नारिंगी तारखा, बहुतेक १९९० नंतरच्या. महाशिवरात्रीची जत्रा, बाहेरगावचे पाहुणे आणि अधूनमधून मंदिराच्या मूर्ती. मूर्तींच्या छायाचित्रांची तऱ्हा जवळपास एकच आहे. चौकटीच्या मधोमध एक आकृती, समोरून पडलेला पांढराफट्ट उजेड, आजूबाजूला काही नाही. काढणारे हात वेगवेगळे, वर्षे वेगवेगळी, तरी शैली एक. अशा वेळी शैलीचा उगम माणसात शोधण्यापेक्षा यंत्रात शोधावा.

स्थिरचित्रणासाठी विकले गेलेले पहिले झूम भिंग ‘फोक्टलेंडर झूमार’ १९५९ चे. ३६ ते ८२ मिलिमीटर, आत चौदा काचा. ते गळ्यात अडकवण्याचे काम, खिशात घालण्याचे नव्हे. मोठ्या एसएलआर कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे आरसा हलतो, म्हणून शेवटची काच फिल्मपासून दूर ठेवावी लागते आणि भिंग लांबते. खिशातल्या कॅमेऱ्यात आरसाच नाही. १९८६ मध्ये ‘पेंटॅक्स झूम ७०’ आला, तो झूम असलेला पहिला छोटा कॅमेरा, ३५ ते ७० मिलिमीटरचा. अशा कॅमेऱ्यांनी या मोकळीकीचा पुरेपूर फायदा घेतला. पुढे किरण एकत्र आणणारा काचांचा गट, मागे ते पसरवणारा गट. एवढ्या दोनच गटांवर काम भागते. वाइड टोकाला मागचा गट फिल्मला जवळजवळ टेकतो. टेलीकडे जाताना दोन्ही गट पुढे सरकतात आणि त्यांच्यातले अंतर मिटत जाते. मागचा गट पुढच्याने केलेली प्रतिमा मोठी करतो, म्हणून नळी आखूड राहूनही आवाका वाढतो. मला ही रचना अत्यंत देखणी वाटते.

पण प्रतिमा मोठी झाली की तोच उजेड जास्त जागेवर पसरतो. ‘झूम ७०’चे छिद्र ३५ वर एफ/३.५ आहे, ७० वर एफ/६.७, म्हणजे उजेड जेमतेम चौथा हिस्सा. पुढे १०५, ११५ अशी टोके आली तेव्हा तिथला अंधार आणखी वाढला. रचनाकाराने पुढची काच मोठी केली असती तर उजेड मिळाला असता, पण कॅमेरा खिशात मावला नसता. त्याने खिसा निवडला. भिंग अंधारे झाले की कॅमेरा आपणहून फ्लॅश उडवतो. फ्लॅश भिंगाच्या शेजारीच, तेव्हा उजेड सरळ समोरून. काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेल्या आकृतीचा सगळा उठाव तिरप्या सावलीवर अवलंबून असतो. समोरच्या झोताने ती सावली पुसली जाते. पांढराफट्ट उजेड आला तो असा. काढणाऱ्याला हे दिसण्याचीही सोय नव्हती, कारण त्याचा डोळा भिंगातून पाहतच नव्हता. वेगळ्या, नेहमी उजळ अशा खिडकीतून पाहत होता.

झूममुळे चित्र चपटे होते, असे नेहमी म्हटले जाते. ते नेमके नाही. दूर-जवळचे प्रमाण ठरते ते उभे राहण्याच्या जागेवरून. झूम फक्त दूर उभे राहण्याची मुभा देते. अंबरनाथला ही मुभा महाग पडते. शके ९८२ मधले, म्हणजे इ. स. १०६० चे हे शिलाहारकालीन मंदिर भूमिज शैलीचे. त्याची भिंत सपाट नाही; कोनाकोनांनी ती आत-बाहेर वळत जाते आणि चालणाऱ्याला एक मूर्ती झाकून दुसरी दाखवते. कुणाच्या शेजारी कोण, कोण कुणाकडे पाठ करून, यात शिल्पकाराचे म्हणणे आहे. ते पायांनी वाचायचे. १८६८ मध्ये जे. जे. कलाशाळेच्या मंडळींनी इथे आरेखने केली, साचे घेतले. साचा घ्यायचा तर भिंतीला हात लावावाच लागतो.

सत्यजित राय यांच्या १९६४ च्या ‘चारुलता’ची आठवण इथे अप्रस्तुत नाही. चारू दुर्बिणीतून रस्त्यावरचा माणूस पाहते, पण तो दिसेनासा होऊ लागला की पुढच्या खिडकीकडे धावते. तिला भिंगही हवे आणि पायही. नवऱ्याला ती त्याच दुर्बिणीतून न्याहाळते आणि मग कॅमेऱ्याचे झूम झटकन मागे येते. झूमचा इतका अर्थपूर्ण वापर मी क्वचितच पाहिला आहे.

छोट्या झूमचे श्रेयही नाकारू नये. शिखरावरच्या लहान शिखरांच्या ओळी खालून नुसत्या डोळ्यांना एकसारख्या वाटतात. त्यातली झीज, तुटलेले कोपरे या अल्बमांत तारखेसह नोंदले गेले आहेत. झिजत्या दगडाच्या बाबतीत ही नोंद पुराव्याइतकी मोलाची आहे, आणि ती नारिंगी आकडा फिका होण्याआधी कुणीतरी गोळा करायला हवी.

डिजिटल काळात रचनाकारांनी खिशाची अट आणखी कडक केली. २००२ च्या ‘मिनोल्टा डिमाज एक्स’मध्ये लोलकाने उजेड काटकोनात वळवून झूम कॅमेऱ्याच्या अंगात उभेच आडवे बसवले. २००३ च्या ‘पेंटॅक्स ऑप्टिओ एस’मध्ये कॅमेरा बंद होताना काचांचा एक गट बाजूला सरकून दुसऱ्याशेजारी बसतो; कपाटातली जागा वाचवावी तसा. वळवलेल्या उजेडाची युक्ती आज फोनमध्ये आहे. तिथे मधल्या टप्प्यांवर बहुधा काच सरकतच नाही. एका भिंगाचे चित्र कापून मोठे केले जाते.

त्या अल्बमांपैकी एकात वाइड टोकाला, भिंतीला जवळजवळ खेटून काढलेले एक छायाचित्र आहे. चौकट तिरकी, एका कडेला बोटाची धूसर सावली. फ्लॅश उडालेला नाही. उन्हात एक कोन पुढे आला आहे, त्याच्या दोन बाजूंना दोन आकृत्या, आणि मधल्या खाचेच्या अंधारात तिसरीचे नुसते कोपर.