मेंदी गडद करणाऱ्या युक्त्या: खरं काम कोण करतं?

माझं संशोधन आहे नैसर्गिक रंग लोकरीवर आणि सुतावर कसे बसतात याबद्दल. पण श्रावण जवळ आला की सोसायटीतल्या वहिनींपासून आत्यापर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच: मेंदीत काय कालवलं म्हणजे ती गडद रंगते? लिंबू, चहाचं पाणी, काथ, लोखंडी कढई, निलगिरी तेल, लवंगेची धुरी... यादी मोठी आहे. आज तिची जरा झाडाझडती घेऊ.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. यातल्या बहुतेक गोष्टी मेंदीत रंग वाढवत नाहीत. मेंदीत जो रंग आहे तो हातात उतरायला त्या मदत करतात, एवढंच. ही मदत खरी आहे, पण तिला मर्यादा आहे. आणि ती मर्यादा तासाभरात ओलांडणारा कोन नुसत्या मेंदीचा असूच शकत नाही, पाकिटावर काहीही छापलेलं असो.

रंग येतो कुठून?

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, वाळलेल्या पानात साधारण एक-दोन टक्के. पानात ते मोकळं नसतं, साखरेच्या रेणूला बांधलेल्या रूपात असतं. पाला भिजवला की ते हळूहळू सुटतं आणि त्वचेच्या सगळ्यात वरच्या मृत थरातल्या केराटिन या प्रथिनाला जोडलं जातं. तळहातावर आणि तळपायावर हा थर जाड असतो, म्हणून तिथे मेंदी छान रंगते आणि मनगटाच्या वर फिकी राहते. मेंदी खरवडल्यावर रंग आधी केशरी दिसतो. हवेतल्या ऑक्सिजनमुळे पुढच्या एक-दोन दिवसांत तो लालसर तपकिरी होतो.

गंमत म्हणजे हेच लॉसोन आपल्या तेरड्यातही असतं. कोरियात तेरड्याची फुलं-पानं तुरटीबरोबर वाटून नखं रंगवतात आणि तो रंग नख वाढून कापलं जाईपर्यंत टिकतो. आपल्याकडे मात्र ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’! म्हणजे नुसत्या रेणूवर काही ठरत नाही. तो कुठे बसला आणि त्याला किती वेळ मिळाला, हे महत्त्वाचं.

लिंबू, चहा, साखर

लिंबाच्या रसामुळे मिश्रण आंबट राहतं. आंबटपणात रंगद्रव्य सावकाश सुटतं आणि कालवलेली मेंदी जास्त वेळ कामाची राहते. साखरेमुळे मेंदी ओलसर राहते आणि हाताला धरून राहते. लेप वाळून पडला की रंगाचं हातात उतरणंही थांबतं, त्यामुळे लिंबू-साखरेचं पाणी वरून लावण्यात अर्थ आहे. चहा किंचित आंबट असतो आणि त्यात टॅनिन असतं. पण चहाचं श्रेय मला जरा फुगवलेलं वाटतं. चहा उकळून, गाळून, मेंदी रात्रभर भिजवणारी बाई मुळात मेंदीला वेळ देते. रंगाचं श्रेय त्या रात्रीचं, पण ते मिळतं चहाला.

काथ आणि लोखंडी कढई

इथे माझा खरा आक्षेप आहे. हे शास्त्र सुताचं आहे आणि ते जसंच्या तसं हातावर आणलंय. काथानं सूत तपकिरी रंगतं, हे खरं. हिरडा आणि हिराकस एकत्र आले की काळी शाई होते, हेही खरं. टॅनिन आणि लोह भेटले की काळपट रंग येणारच. लोखंडी कढईत मेंदी काळी पडते ती यामुळेच. पण सूत आपण गरम पाण्यात उकळतो, तुरटीसारखं रंगबंधक वापरतो. हात कोण उकळणार? टॅनिनचे रेणू मोठे असतात, ते त्वचेच्या थरात लॉसोनसारखे सहज शिरत नाहीत. माझ्या मते काथामुळे दिसतो तो बराचसा वरवरचा मुलामा. काळी पडली ती कढईतली मेंदी. हात काळा होईलच, असं त्यातून सिद्ध होत नाही.

निलगिरी तेल आणि लवंग

या यादीतला सगळ्यात वजनदार दावा हाच. निलगिरी तेलातलं सिनिओल आणि त्याच्यासारखी टर्पीन द्रव्यं त्वचेचा वरचा थर थोडा सैल करतात. औषधं त्वचेतून आत पोचवण्यासाठी त्यांचा अभ्यास झालेला आहे. धुरीबद्दल बोलायचं तर लवंगेपेक्षा तव्याची ऊब जास्त कामाची असावी. पण लक्षात घ्या, जे तेल रंगाला दार उघडतं ते इतर गोष्टींनाही उघडतं. लवंगेतल्या युजेनॉलची काहींना ॲलर्जी होते. टर्पेंटाइनसुद्धा झाडापासूनच, पाइनच्या राळेपासून मिळतं, आणि त्वचेच्या ॲलर्जीसाठी ते चांगलंच कुप्रसिद्ध आहे. ‘झाडापासून आलंय’ म्हणजे ‘निर्धोक आहे’ असं नाही.

पुरावा कसा तपासायचा?

‘मी काथ घातला आणि मेंदी मस्त रंगली’ हा अनुभव झाला, प्रयोग नाही. काथ न घालता तीच मेंदी, त्याच हातावर, तेवढाच वेळ ठेवली असती तर? प्रयोगशाळाही यात मागे नाहीत. पाण्यात किती लॉसोन उतरलं हे मोजायला सोपं असतं, म्हणून ते मोजलं जातं आणि निष्कर्ष मात्र हाताबद्दल काढला जातो.

घरीच करून बघा. एकाच पुड्यातली मेंदी चार वाट्यांत घ्या. एकीत नुसतं पाणी, बाकी तिघींत प्रत्येकी एकच पदार्थ. एकाच तळहातावर चार सारखे ठिपके द्या, सारखाच वेळ ठेवा आणि दोन दिवसांनी घरातल्या कुणाला तरी क्रम लावायला सांगा. कोणता ठिपका कशाचा, हे मात्र सांगू नका.

एवढा कीस कशाला?

कारण गडद रंगाची घाई भलतीकडे नेते. आळंदी रोडवर सणाच्या आदल्या संध्याकाळी कोन घेणारी मुलगी सकाळी शिफ्टला जाणारी असते. रात्रभर मेंदी ठेवायला तिच्याकडे वेळ नाही, आणि कूलंटचे डाग घालवायला हात खसाखसा धुतले की रंगलेला थरही लवकर झिजतो. मग ‘तासाभरात काळी’ म्हणणारा कोन हवाहवासा वाटतो. अशा काळ्या मेंदीत बऱ्याचदा पीपीडी असतं, म्हणजे हेअर डायमधलं पॅराफेनिलिनडायमिन. केसांच्या रंगात युरोपात ते जास्तीत जास्त २ टक्के चालतं, त्वचेवर लावायला परवानगी नाही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेनं २००६ साली त्याला ‘वर्षाचा ॲलर्जन’ ठरवलं होतं. आपल्याकडे हेअर डायच्या पाकिटावर त्याबद्दल सावधगिरीची सूचना छापावी लागते. रस्त्यावरच्या कोनावर मात्र बहुतेकदा फक्त हिरवं पान छापलेलं असतं.

पीपीडीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची सोबत करते. पुढे केस रंगवताना डोकं, चेहरा सुजू शकतो. शिवाय काळं रबर टिकाऊ करायला याच कुळातली काही रसायनं वापरतात आणि काहींची त्वचा त्यांनाही प्रतिक्रिया देते. रबरी सील आणि होजपाइप रोज हाताळणाऱ्या भोसरीच्या कामगाराला ही पुस्तकी भीती नाही. एका सणाची मेंदी त्याच्या किंवा तिच्या रोजीरोटीच्या आड येऊ शकते.

म्हणून कोन पारखताना घटकांच्या यादीइतकंच घड्याळाकडे बघा. लॉसोनला वेळ लागतोच. दक्षिण अमेरिकेतलं जागुआ हे फळ तर खरोखर निळसर काळा रंग देतं, पण त्यालाही तो खुलायला एक-दोन दिवस लागतात. तासाभरात दंडावर काळी कुळकुळीत नक्षी उमटली, तर ती धुऊन टाका. खाज किंवा फोड आले तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि कोनाचं वेष्टन सोबत न्या.

मग रंगावर नवऱ्याचं किंवा सासूचं प्रेम मोजणाऱ्यांना काय सांगायचं? रंग ठरतो ताज्या पाल्यावर, जाड त्वचेवर, उबेवर आणि सहा-आठ तासांवर. त्या रात्री तुमच्या वाटच्या पोळ्या दुसऱ्या कुणी लाटल्या असतील, तर तेवढ्यापुरतं प्रेमाचं गणित मलाही मान्य आहे.