अनिच्छेचे नायकत्व : शाहू मोडक यांच्या पौराणिक भूमिकांचा पुनर्विचार

प्रस्तावना

मराठी चित्रपटाच्या इतिहासलेखनात संतपटांचा विचार प्रामुख्याने दिग्दर्शन, संगीत आणि ट्रिक छायाचित्रण या अंगांनी झालेला आहे. नटाच्या वाट्याला येते ते बहुधा ‘भूमिकेशी एकरूप झाला’ एवढे एकच प्रशस्तिपत्र. ही एकरूपता म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे २५ एप्रिल १९१८ रोजी जन्मलेले शाहू मोडक यांच्या कारकिर्दीच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

अद्भुत कथेतील अनिच्छुक नायक

अद्भुत कथेचा नायक सामर्थ्यवान असतो. परंतु त्या सामर्थ्याची हाव नसलेला नायकच वाचकाच्या मनात अधिक खोल रुजतो. टॉल्किन यांच्या कादंबरीतील फ्रोडो हे या प्रकाराचे जागतिक उदाहरण होय. नको असलेली अंगठी त्याला वाहावी लागते. भारतीय परंपरेला हा नायक नवा नाही. रणांगणावर धनुष्य खाली ठेवणारा अर्जुन आणि हाती आलेले राज्य नाकारणारा भरत हे त्याचेच पूर्वज आहेत. ज्ञानेश्वरांची लोकमानसातील प्रतिमाही याच कुळातली. परंपरेने त्यांच्या नावावर सांगितलेले चमत्कार पाहिले, तर त्यांपैकी एकही प्रदर्शनासाठी घडत नाही. पैठणच्या ब्रह्मसभेने हिणवले म्हणून रेडा वेद बोलतो. चांगदेव वाघावर बसून आला म्हणून भिंत चालते. जगाच्या वागण्याने उद्विग्न होऊन ताटी लावून बसलेल्या या भावाला बाहेर आणण्यासाठी धाकट्या मुक्ताबाईला विनवणी करावी लागते. त्यांच्या बाबतीत चमत्कार हे ध्येय नसून नाइलाजाने दिलेले उत्तर आहे.

नगरची पार्श्वभूमी

मोडक यांचा जन्म मराठी ख्रिस्ती कुटुंबातील. ख्रिस्ती नटाने ज्ञानेश्वर साकारावा याचे आश्चर्य अनेकदा व्यक्त केले जाते. तथापि नगरच्या सांस्कृतिक इतिहासाशी परिचित असलेल्या अभ्यासकाला ते तितकेसे वाटू नये. याच नगरमध्ये काही काळ वास्तव्य केलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग आणि कीर्तन हे मराठी भक्तीचे घाट ख्रिस्ती उपासनेत रुजवले होते. याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. या परिसरात भक्तीची भाषा धर्माच्या कुंपणात बंदिस्त नव्हती.

‘माणूस’ ते ‘संत ज्ञानेश्वर’

भालजी पेंढारकर यांच्या ‘श्यामसुंदर’ (१९३२) मध्ये मोडक बालवयातच कृष्ण झाले. मुंबईत पंचवीस आठवडे चाललेल्या या चित्रपटाने त्यांची ओळख निश्चित केली. पुढे व्ही. शांताराम यांच्या ‘माणूस’ (१९३९) मध्ये त्यांनी गणपत हा साधा पोलीस शिपाई उभा केला. कर्तव्य आणि मैनेवरील प्रेम यांच्या ओढाताणीत सापडलेला हा माणूस कोणत्याही अर्थाने असामान्य नाही. त्यानंतर अवघ्या वर्षभरात, त्याच प्रभात कंपनीच्या, दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) मध्ये ते ज्ञानेश्वर झाले. तेव्हा मोडक बावीस वर्षांचे होते. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली ती एकविसाव्या वर्षाच्या सुमारास.

हा क्रम अर्थपूर्ण आहे. भिंत चालवणे हे तंत्रज्ञांचे काम. ती चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर विजयाचा लवलेशही उमटू न देणे, हे नटाचे. मोडक यांच्या अभिनयाचे मर्म या संयमात आहे. त्यांचा ज्ञानेश्वर सामर्थ्य दाखवत नाही, ते सोसतो. गणपतच्या भूमिकेत त्यांनी कमावलेले साधेपण येथे उपयोगी पडले, असे म्हणता येते. विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’ (१९४२) मध्ये त्यांच्याकडे आलेली भूमिकाही सिंहासन नाकारणाऱ्या भरताचीच असावी, हे लक्षणीय आहे. भूमिकेशी निष्ठा म्हणजे स्वतःला मोठे करणे नव्हे, तर स्वतःला मागे ठेवणे, हा या दोन्ही भूमिकांचा समान धागा होय.

मर्यादा

या निष्ठेची किंमतही नोंदवली पाहिजे. मोडक यांनी एकोणतीस चित्रपटांत कृष्ण साकारल्याचे सांगितले जाते. ज्ञानेश्वर आणि भरत यांच्या अंतरंगात ताण आहे. अर्जुनाला युद्धाला प्रवृत्त करणारा कृष्ण मात्र निःशंक आहे. ताण संपला की संयमाचे रूपांतर ठरावीक स्मितात होण्याचा धोका असतो. पुनरावृत्तीतून हा कृष्ण दिनदर्शिकेवरील चित्राच्या जवळ सरकत गेला आणि प्रेक्षकांनी हात जोडले. नटाला वंदन मिळाले, परंतु ‘माणूस’मधील गणपतच्या तोडीचे आव्हान पुन्हा क्वचितच मिळाले. हा दोष एकट्या नटाचा नाही. त्याच्यात देवच पाहू इच्छिणाऱ्या निर्मात्यांचा आणि प्रेक्षकांचाही तो आहे.

समारोप

भूमिकेवरील निष्ठा पुनरावृत्तीच्या संख्येने मोजता येत नाही. ती भूमिकेतील अंतर्विरोध जिवंत ठेवण्याच्या क्षमतेने मोजावी लागते. या निकषावर मोडक यांच्या एकोणतीस कृष्णांपेक्षा एक ज्ञानेश्वर वजनदार ठरतो. कोणी कोणाची भूमिका करावी याचा निवाडा जन्मावरून करण्याची प्रवृत्ती बळावत असताना, नगरच्या एका ख्रिस्ती तरुणाला महाराष्ट्राने ज्ञानेश्वर म्हणून स्वीकारले होते, या घटनेचे मोल केवळ चित्रपटेतिहासापुरते राहत नाही. विश्वाच्या कल्याणाचे मागणे मागणाऱ्या संताची भूमिका त्या तरुणाने ‘मी’ मागे ठेवून केली, आणि प्रेक्षकांनीही ती पाहताना त्याचा धर्म विचारला नाही. ११ मे १९९३ रोजी निधन पावलेल्या या कलावंताचे मूल्यमापन करताना या दोन्ही बाजूंचा एकत्रित विचार होणे अगत्याचे आहे.