९२ टक्क्यांत न मोजलेली चूक

काही पेपर असे असतात की ते वाचून झाल्यावर आपलाच जुना कोड उघडायची भीती वाटते. माझ्यासाठी तो पेपर म्हणजे २०१४ सालचा ‘सिंपल टेस्टिंग कॅन प्रिव्हेंट मोस्ट क्रिटिकल फेल्युअर्स’. टोरांटो विद्यापीठातल्या डिंग युआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ओएसडीआय परिषदेत मांडला. आज त्याची ओळख करून द्यायची आहे आणि त्याच्याशी थोडं भांडायचंही आहे. भांडण नेमकं कशाचं, हे कळायला तुम्हाला माझ्याबरोबर कुपवाड एमआयडीसीतल्या एका वजनकाट्यापर्यंत यावं लागेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. तुम्ही वेबसाइटवर बटण दाबता, तेव्हा पलीकडे सर्व्हरवर एक प्रोग्राम चालू असतो. चालता चालता त्याच्यासमोर अशी वेळ येते की पुढची ओळ चालवताच येत नाही. आकडा हवा तिथे अक्षरं आली, फाईल सापडली नाही, डेटाबेसने उत्तरच दिलं नाही. मग तो हातातलं काम टाकून बोंब मारतो. ही बोंब म्हणजे रनटाइम एक्सेप्शन. धोक्याचं काम ‘ट्राय’मध्ये लिहायचं आणि बोंब ऐकू आली तर काय करायचं ते ‘कॅच’मध्ये, अशी सोय बहुतेक भाषांमध्ये असते. कुणीच ऐकलं नाही तर तुम्हाला ‘५०० इंटर्नल सर्व्हर एरर’ असं पान दिसतं आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये स्टॅक ट्रेस उतरतो. कुणी कुणाला बोलावलं आणि कुठे अडलं, त्याची ती उतरंड. जावाचा ट्रेस वाचायची साधी रीत आहे: सगळ्यात खालचं ‘कॉज्ड बाय’ शोधायचं, तिथून लायब्ररीच्या ओळी सोडून देत आपल्या स्वतःच्या कोडची पहिली ओळ गाठायची. निम्मी कोडी तिथेच सुटतात.

प्रॅक्टिकलला येणाऱ्या मुलांना हे शिकवताना माझी दमछाक होते. त्यांना ट्रेस वाचायचा नसतो, लाल अक्षरं घालवायची असतात. आणि ती घालवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सगळं ट्राय-कॅचमध्ये गुंडाळून कॅच रिकामा ठेवायचा. लाल अक्षरं जातात. सबमिशन होतं.

पेपर नेमका या रिकाम्या कॅचबद्दल आहे. युआन आणि मंडळींनी कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या पाच सिस्टीम घेतल्या. मोठ्या वेबसाइटींच्या पोटात डेटा सांभाळणारी ही यंत्रणा. वापरणाऱ्यांनी कळवलेले १९८ बिघाड निवडून त्यांनी प्रत्येकाची चिरफाड केली. त्यातले ४८ ‘कॅटास्ट्रॉफिक’, म्हणजे सगळं किंवा बहुतेक सगळं बंद पाडणारे. आपल्याला वाटेल की असा मोठा बिघाड काहीतरी गुंतागुंतीच्या, कुणाच्या डोक्यात न येणाऱ्या कारणाने होत असेल. तर तसं नाही. या मोठ्या बिघाडांपैकी ९२ टक्क्यांमध्ये प्रोग्रामने स्वतः आधी सांगितलं होतं की काहीतरी चुकतंय. ते ऐकणारा कोडच चुकीचा होता. आणि ३५ टक्के तर अगदी बाळबोध चुका: कॅच रिकामा किंवा त्यात नुसती लॉगची ओळ, कुठलीही बोंब ऐकली की सगळा क्लस्टर बंद करणारा कॅच, नाहीतर आत ‘टूडू’ किंवा ‘फिक्समी’ लिहून सोडून दिलेला.

मला या पेपरची सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तो टोमणे मारून थांबत नाही. लेखकांनी या तीन चुका शोधणारं अ‍ॅस्पिरेटर नावाचं एक छोटं साधन बनवलं, ते नऊ सिस्टीमच्या कोडवर फिरवलं आणि १२१ नवे बग काढून दाखवले. शिवाय त्यांच्या हिशोबाने ७७ टक्के बिघाड साध्या युनिट टेस्टने पुन्हा घडवून दाखवता येतात. हजार मशीनचा क्लस्टर लागत नाही. कुपवाडमध्ये जुन्या लॅपटॉपवर संशोधन करणाऱ्या माणसाला हे वाक्य किती धीराचं वाटतं, हे टोरांटोत कुणाला कळणार नाही.

आता वजनकाटा.

एम.एस्सी. झाल्यावर दीड वर्ष मी एका छोट्या सॉफ्टवेअर फर्ममध्ये होते. आमच्या गिऱ्हाइकांत एमआयडीसीतला एक कारखाना होता, तिथे भंगाराचे ट्रक यायचे. भरलेली गाडी काट्यावर, मग रिकामी गाडी काट्यावर, दोन्हींतला फरक म्हणजे माल. काट्याचा इंडिकेटर केबलने संगणकाला जोडलेला. संगणक ते वाचन आमच्या वेब सर्व्हिसकडे पाठवायचा आणि सर्व्हिस पावती तयार करून द्यायची. गाडी हलली की आकडाही हलतो, म्हणून शेवटचं स्थिर वजन मी एका व्हेरिएबलमध्ये जपून ठेवायचे. आलेल्या अक्षरांचा आकडा करायची ओळ ट्रायमध्ये होती. कॅचमध्ये एकच टिप्पणी: टूडू, नंतर बघू.

काही दिवसांनी केबलची पिन सैल झाली. मधूनच सर्व्हिसकडे रिकामी ओळ येऊ लागली. रिकाम्या ओळीचा आकडा होत नाही, जावा नंबर फॉरमॅट एक्सेप्शन फेकते, आणि ती माझ्या कॅचमध्ये गडप व्हायची. व्हेरिएबलमध्ये आधीच्या गाडीचं वजन तसंच. सर्व्हिस तेच पाठवायची, वर २०० हा कोड, म्हणजे सगळं ठीक. पावतीवर माल जास्त, आवारात कमी.

असं झालं की संशय कुणावर जातो ते सांगायला नको. काट्यावर बसणारे पन्नाशीचे मामा ट्रकवाल्यांना सामील आहेत असं ठरलं. तूट त्यांच्या पगारातून कापायची अशी बोलणी सुरू झाली आणि तोपर्यंत त्यांना गेटवर बसवलं. मी गेले तेव्हा ते मला एवढंच म्हणाले, “ताई, मी जे दिसलं तेच छापलं बघा.” खरंच होतं. इंडिकेटरवर बहुतेक वेळा खरा आकडा दिसत असणार, पण पावती संगणकावरून निघायची, आणि आता इंडिकेटरकडे बघायची गरज नाही, स्क्रीन बघायची, हे ट्रेनिंगच्या दिवशी त्यांना मीच सांगितलं होतं.

मी लॉग उघडला. स्वच्छ. एकही एक्सेप्शन नाही, सगळीकडे २००. “सर्व्हरच्या बाजूला काही नाही,” असं मी पहिल्या दिवशी फोनवर ठामपणे सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी कंटाळून डेटाबेसच्या नोंदी नुसत्या खाली सरकवत बसले होते, तेव्हा लागोपाठच्या दोन वेगवेगळ्या गाड्यांचं वजन किलोपर्यंत सारखं दिसलं. १६,३४०. आणखी खाली तशीच दुसरी जोडी. मग काट्यावर गेले, केबल उपटली आणि बटण दाबलं. काट्यावर गाडी नाही, केबल माझ्या हातात, आणि स्क्रीनवर १६,३४०.

मॅनेजरना मी सांगितलं, “सॉफ्टवेअरमध्ये थोडा टेक्निकल इश्यू होता, आता नाहीये.” या वाक्यात कर्ता नाही हे बघा. पगार कापायचा विषय मिटला. मामा गेटवरून परत काट्यावर आले की नाही, हे मी विचारलं नाही.

दोनेक वर्षांनी पेपर हातात पडला तेव्हा त्याच्या यादीतल्या तीनपैकी दोन चुका माझ्या एकाच ओळीत बसलेल्या दिसल्या. म्हणून माझा पेपरवर राग नाही; त्याने सुचवलेला उपाय बरोबरच आहे. अ‍ॅस्पिरेटर माझ्या कोडवर चालवलं असतं तर ती ओळ पहिल्या मिनिटाला पकडली गेली असती. माझं भांडण त्याच्या मोजणीशी आहे.

माझा बिघाड त्या ९२ टक्क्यांत बसला असता का? नसता. एक तर पेपरने घेतलेले बिघाड वापरणाऱ्यांनी बग म्हणून कळवलेले आहेत. एचबेस वापरणारा माणूस स्वतः इंजिनिअर असतो. त्याला ट्रेस चिकटवून तक्रार कशी लिहायची ते येतं. मामांची तक्रार बग ट्रॅकरवर गेली नाही. मामांच्याच विरुद्ध तक्रार झाली. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ‘कॅटास्ट्रॉफिक’ची पेपरमधली व्याख्याच अशी की सगळ्या किंवा बहुसंख्य वापरकर्त्यांना झळ बसली पाहिजे, काही थोड्यांनाच बसली तर ती त्यात धरायची नाही. क्लस्टर सांभाळणाऱ्याच्या खुर्चीतून ही व्याख्या रास्त आहे, तेही मान्य. पण ही नजर त्या पेपरपुरती राहिलेली नाही. सपोर्टचं काम केलेल्यांना माहीत असेल, तिकिटाची निकड ठरवताना पहिला प्रश्न असतो: किती जणांना होतंय? कुणाचं काय जातंय, हा प्रश्न आला तर नंतर.

२०२५ मधल्या दोन घटना शेजारी ठेवून बघा. दोन्हींच्या मुळाशी रिकामी जागा आहे. (रिकामी जागा दाखवणारं ‘नल’ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये प्रोग्रामिंगमध्ये आणलं आणि २००९ मध्ये त्यालाच आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. माणूस मोठा खरा.)

पहिली घटना १२ जूनची. गूगल क्लाउडच्या सर्व्हिस कंट्रोल या भागात मे महिन्याच्या शेवटी नवा कोड गेला होता. १२ जूनला एका धोरणाची नोंद काही रकाने रिकामे असताना आत आली आणि काही सेकंदांत जगभर पोचली. कोडला रिकामा रकाना भेटला, नल पॉइंटर एक्सेप्शन, प्रोग्राम पडला, उठला, पुन्हा पडला. जीमेलपासून स्पॉटिफायपर्यंत सगळीकडे बोंबाबोंब. गूगलच्या इंजिनिअरांना दहा मिनिटांत मूळ कारण सापडलं, आणि त्या कोडमध्ये योग्य एरर हँडलिंग नव्हतं हे कंपनीने जाहीर अहवालात लिहून दिलं. युआन यांच्या पेपरनंतर अकरा वर्षांनी, त्याच पेपरमधला नमुना. बिघाड वाईट, पण त्याने आरडाओरडा केला आणि तो सगळ्यांचा होता.

दुसरी घटना आपल्याकडची. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. १८ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने तिथे ई-केवायसी सक्तीची झाली, मुदत दोन महिने. स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यावरचा ओटीपी द्यायचा. सुरुवातीला ओटीपीच येईना. ही अडचण सरसकट होती, त्यामुळे लगेच दिसली; मंत्री आदिती तटकरे यांनी तिची जाहीर दखल घेतली आणि दुरुस्तीचं काम सुरू असल्याचं सांगितलं. पण नवराही नाही आणि वडीलही नाहीत अशा बाईने त्या रकान्यात काय भरायचं? घटस्फोट झालेलीने? इथे सर्व्हर पडत नाही, लॉगमध्ये लाल ओळ येत नाही. सांगितलंय तेच फॉर्म चोख करत असतो. या बायकांसाठी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रं प्रत्यक्ष जमा करायची वाट काढली गेली ती नोव्हेंबरमध्ये, मुदत संपायच्या तोंडावर, आणि त्याच वेळी मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली.

मराठीत एक्सेप्शनला अपवाद म्हणतात. कागदपत्रांची ती वाट म्हणजे अपवादासाठी लिहिलेला कॅच ब्लॉकच होता, आणि तो बरोबर होता हे सांगितलं पाहिजे. फक्त तो प्रोग्राम चालू झाल्यावर दोन महिन्यांनी लिहिला गेला. विधवा ही महाराष्ट्रात नोव्हेंबरमध्ये अचानक उद्भवलेली परिस्थिती नाही. फॉर्म बनतानाच एका टेस्टमध्ये तो रकाना रिकामा ठेवून बघता आला असता. म्हणजे ‘सिंपल टेस्टिंग’चं पेपरचं म्हणणं इथे तंतोतंत लागू पडतं. पण त्याच्या व्याख्येने मोजायला गेलं तर हा बिघाड ‘काही थोड्यांचा’ निघतो, आणि एक्सेप्शन न आल्यामुळे अ‍ॅस्पिरेटरलाही दिसत नाही. औषध बरोबर आहे, पण रोग्यांची यादी अपुरी आहे.

तुम्ही म्हणाल, एका पेपरने काय काय करायचं? खरं आहे, आणि त्याच्या लेखकांनी सगळ्या जगाचे बिघाड मोजल्याचा दावाही केलेला नाही. मला एवढंच हवं होतं की त्या १९८ ओळींच्या तक्त्यात आणखी एक रकाना असावा: चुकीचं उत्तर कुणाच्या हातात पडलं, आणि ते चुकीचं आहे हे सांगायला त्या माणसाला जागा होती का. माझ्या स्वतःच्या कामासाठी बिघाडांची जी यादी मी जमवते आहे, तिच्यात हा रकाना घातला आहे. आमच्या गाईड म्हणतात, कल्पना ठीक आहे, पण तो भरायचा कसा ते आधी सांग. बग रिपोर्टमध्ये ही माहिती नसतेच. त्यांचं बरोबर आहे. सध्या त्या रकान्यात एकच ओळ भरलेली आहे, १६,३४० ची. बाकी सगळ्या रिकाम्या.