रिजवान खानचा दाखला

करण जोहरचा ‘माय नेम इज खान’ फेब्रुवारी २०१० मध्ये आला, तेव्हा मुंबईत चर्चा झाली ती चित्रपटगृहांबाहेरच्या पोलीस बंदोबस्ताची. त्या गदारोळात रिजवान खान ही व्यक्तिरेखा नीट पाहायची राहूनच गेली. मुसलमान म्हणून त्याला आपण लगेच ओळखले. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला माणूस म्हणून त्याच्याकडे पाहिले की हाच चित्रपट निराळा दिसतो.

नजरेला नजर न देणे, कोणी अंगाला हात लावलेला न खपणे, पिवळ्या रंगाची आणि कर्कश आवाजाची धास्ती ही लक्षणे चित्रपटभर पेरलेली आहेत. शाहरुखच्या अभिनयात ती कधी कधी नुसती लकब होतात, हेही खरे. परंतु एका लक्षणावर सारे कथानक उभे आहे. रिजवान शब्दाचा शब्दशः अर्थ घेतो. मुलगा समीर मारला गेल्यावर मंदिरा संतापाने म्हणते, जा, राष्ट्राध्यक्षांना सांग की तू खान आहेस आणि दहशतवादी नाहीस. दुसरा नवरा हे ऐकून गप्प बसला असता. रिजवान खरेच निघतो. त्याची भावजय हसीना ११ सप्टेंबरनंतर काही काळ हिजाब उतरवून ठेवते. रिजवानला लपवणे जमतच नाही.

आम्हांला सर्वांत खरा वाटतो तो बोरिवलीचा भाग. १९८३ च्या दंगलीनंतर अम्मी त्याला दोन चित्रे काढून दाखवते, एक मारणारा आणि एक लॉलीपॉप देणारा, आणि विचारते, यांत हिंदू कोण, मुसलमान कोण? नियमाला धरून चालणाऱ्या त्या मनात हा धडा कायमचा बसतो. पुढे मशिदीत हजरत इब्राहीमच्या कुर्बानीचा हिंसक अर्थ लावणाऱ्या डॉक्टरला तो अडवतो, ते अम्मीच्याच नियमाने. अम्मीजवळ मुलाच्या अवस्थेला नाव नव्हते. ‘अ‍ॅस्पर्जर’ हे नाव अमेरिकेत हसीना देते. (२०१३ पासून अमेरिकन मानसोपचारात ते वेगळे निदान राहिलेले नाही, ते स्वमग्नतेतच मोडते.) आमच्या धाटावला हाच रिजवान एमआयडीसीच्या रस्त्यावर पंपदुरुस्तीच्या दुकानात बसला असता. ट्रकच्या भोंग्याने दचकला असता, बंद मोटार मात्र चालू करून दिली असती. लोक त्याला भोळा म्हणाले असते, एखादी बुजुर्ग बाई मजजूबही म्हणाली असती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे, पण तिथवर पोहोचायला घरात आधी नाव तरी ठाऊक हवे.

आमचा आक्षेप पुढचा आहे. रिजवानवर प्रेक्षक विश्वास ठेवतो, कारण त्याला खोटे बोलताच येत नाही. म्हणजे आजार हाच त्याच्या निरपराधपणाचा दाखला झाला. ज्याला खोटे बोलता येते पण जो बोलत नाही, अशा खानचे काय? ऑगस्ट २००९ मध्ये खुद्द शाहरुखला नेवार्क विमानतळावर चौकशीसाठी थांबवले होते. आडनावामुळे थांबवले, असे त्याने सांगितले. त्याच्यापाशी असा कोणता दाखला होता?

तसा खान या चित्रपटातही आहे: रिजवानचा भाऊ जाकीर. आईच्या मायेत वाटेकरी झालेला, मत्सरी, भावाच्या हिंदू मुलीशी लग्नाला विरोध करणारा, तरी कष्टाळू आणि सरळ. आपल्या घराघरांत आहे तसा. दिग्दर्शकाने त्याला मोजकेच प्रसंग दिले.